सारस, अण्णा आणि तीन पायांची दुर्बीण

अण्णांनी दुर्बीण डोळ्यांवरून खाली घेतली आणि ते म्हणाले, "वा! छान दिसला." सायकलरिक्षावाले सरदारजी खूश झाले. आईही खूश झाली. मला मात्र पक्के ठाऊक होते, की अण्णांना काहीही दिसलेले नाही. दुर्बीण त्यांच्या हातात होती तेवढा सगळा वेळ तिचे तोंड कधी बाभळीच्या शेंड्याकडे, तर कधी पाण्याकडे जात होते. आणि सारसांची जोडी उभी होती डाव्या हाताच्या गवतात.

ही गोष्ट गेल्या वर्षीच्या डिसेंबरमधली, भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानातली. आग्रा पाहायला निघालो होतो, तर वाटेत दोन दिवस भरतपूर करू, हा बेत माझाच. आग्र्याहून भरतपूर जेमतेम पन्नास-पंचावन्न किलोमीटर, मध्ये फत्तेपूर सिक्री. आईला ताजमहाल हवा होता, आमच्या चिरंजीवांना अजगर हवा होता आणि अण्णांना सारस.

अण्णा आणि सारस हे जुने प्रकरण आहे. अण्णांची मास्तरकी सुरू झाली ती तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यात. त्यांची शाळा ज्या भागात होती तो आज गोंदिया जिल्ह्यात येतो. चहूकडे भाताची खाचरे आणि मालगुजारी तलाव. पावसाळ्यात शाळेत जाताना बांधावरून सारसांची जोडी दिसायची, हे आम्ही लहानपणापासून इतक्या वेळा ऐकले आहे, की तो बांध मला न पाहताही ओळखीचा वाटतो. पुढे बदली झाली, मग ठाण्याला बिऱ्हाड आले, आणि सारस राहिला तो फक्त गोष्टीत. आज महाराष्ट्रात सारस मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याकडेच उरला आहे, आणि तोही मोजकाच.

आता अण्णांच्या हातांविषयी सांगायला हवे. गेली सात-आठ वर्षे त्यांचे हात थरथरतात. मांडीवर ठेवले की अगदी शांत. पण कप उचलला, सही करायला पेन धरले, शर्टाची गुंडी लावायला घेतली, की थरथर सुरू. डॉक्टर म्हणतात, हा पार्किन्सन नव्हे. याला इसेन्शियल ट्रेमर म्हणतात. गोळ्यांनी थोडा फरक पडतो, पूर्ण जात नाही, आणि वयाबरोबर हळूहळू वाढतो. जिवाला धोका काही नाही. पण बशीत ओतून चहा प्यायची सवय अण्णांनी केव्हाच सोडली, आणि पाहुणे आले की ते म्हणतात, "मी आत्ताच घेतला." अशा माणसाच्या हातात मी दुर्बीण दिली होती, आणि वर त्याने आनंदी व्हावे अशी अपेक्षा करीत होते!

राजांचे शिकारखाने, पक्ष्यांचे माहेर

भरतपूरचे हे जंगल खरे तर निसर्गाने नव्हे, माणसाने घडवले आहे. अठराव्या शतकात महाराजा सूरजमल यांनी गंभीर आणि बाणगंगा या नद्यांच्या पाण्यासाठी अजान बंध बांधला. सखल भागात पाणी साचू लागले आणि हिवाळ्यात उत्तरेकडून बदकांचे थवे उतरू लागले. संस्थानिकांना हवे होते ते हेच. देवळाजवळ दगडी पाट्यांवर शिकारींचे हिशोब कोरून ठेवले आहेत: कोणत्या दिवशी, कोणत्या पाहुण्यांसाठी, किती बंदुका आणि किती पक्षी. व्हॉइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्यासाठी १२ नोव्हेंबर १९३८ रोजी झालेल्या शिकारीचा आकडा आहे ४,२७३. एका दिवसाचा! चिरंजीवांनी तो दोनदा मोठ्याने वाचला आणि विचारले, "एवढे खाल्ले कोणी?" याचे उत्तर त्या दगडावर नाही.

पुढे शिकार थांबली, पक्षितज्ज्ञ सालिम अली यांच्या प्रयत्नांनी ही जागा शेतीखाली जाता जाता वाचली, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९८५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. क्षेत्रफळ अवघे २९ चौरस किलोमीटर, पण त्यात साडेतीनशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे.

सगळेच गोड नाही. १९८२ मध्ये उद्यानात गुरे चारायला बंदी झाली, आसपासचे गावकरी संतापले, पोलिसांनी गोळीबार केला आणि काहींचे प्राण गेले. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून दिसले, की म्हशी चरायच्या थांबल्यावर पाणगवत बेसुमार माजले आणि पाणपक्ष्यांची जागाच गिळू लागले. म्हणजे ज्यांना शत्रू समजून बाहेर काढले, त्या म्हशी पक्ष्यांचे काम करीत होत्या. पाण्याचेही तसेच. गंभीर नदीवर वर धरण झाले आणि उद्यानाला पाण्यासाठी दुसरीकडे हात पसरावे लागले. आणि सायबेरियन क्रौंच, ज्यांच्यासाठी जगभरातून लोक भरतपूरला यायचे, ते २००२ च्या हिवाळ्यानंतर इथे आलेच नाहीत. आमच्या सरदारजींनी त्यांना तरुणपणी पाहिले होते. "दूध जैसे सफेद," एवढेच ते म्हणाले आणि पायडल मारू लागले.

या रिक्षावाल्यांविषयी एक स्वतंत्र लेख लिहिता येईल. फाटकापासून केवलादेव महादेवाच्या देवळापर्यंत सुमारे पाच किलोमीटरचा सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना पाणी. खासगी गाड्यांना आतल्या भागात मज्जाव, म्हणून चालत, भाड्याच्या सायकलने, नाहीतर रिक्षाने जायचे. रिक्षावाल्यांना पक्षी ओळखण्याचे रीतसर शिक्षण मिळाले आहे. हिंदी बोलता बोलता ते पक्ष्याचे इंग्रजी नाव असे सफाईने टाकतात, की आपण मराठी नाव आठवत बसतो. शिवाय रिक्षा हे पक्षी पाहायला उत्तम वाहन. आवाज नाही, धूर नाही, आणि उंच आसनावर बसल्यामुळे गवताच्या पलीकडचे दिसते.

त्या दिवशी आम्ही पुष्कळ पाहिले. फाटकाजवळच ढोलीत बसलेले पिंगळे, पंख पसरून वाळवत बसलेले पाणकावळे, बाभळींवर चित्रबलाकांची वसाहत आणि तिथला अखंड कलकलाट, पट्टेरी डोक्याचे हंस, जांभळ्या पाणकोंबड्या. बिळाबाहेर ऊन खात पडलेला अजगरही दिसला, त्यामुळे चिरंजीव कृतकृत्य झाले. अण्णा प्रत्येक ठिकाणी दुर्बीण उचलायचे, दहा सेकंदांनी खाली घ्यायचे आणि म्हणायचे, "छान."

रात्री हॉटेलात आई झोपल्यावर ते मला म्हणाले, "उद्या सकाळी तुम्हीच जाऊन या. मी इथे पेपर वाचीन." मी म्हटले, "अण्णा, सारस दिसला नाही ना?" ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "दिसला ना. करडं काहीतरी हललं."

दुसऱ्या दिवशी ते खरोखरच आले नाहीत.

तीस गुणिले साठ

चूक माझी होती. मी नेलेली दुर्बीण होती खिशात मावणारी, ८ × २१ ची, कुणीतरी भेट दिलेली. तिच्यात वाईट काही नव्हते, पण ती निवडताना कुणी डोके चालवले नव्हते. परत आल्यावर मी ठरवले, की पुढल्या हिवाळ्यापर्यंत या विषयाचा छडा लावायचा. वाचकहो, दुर्बीण ही वस्तू आपण एकदाच घेतो आणि बहुधा चुकीची घेतो, म्हणून जरा तपशिलात सांगते.

दुर्बिणीवर दोन आकडे असतात. ८ × २५ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते आणि पुढच्या मोठ्या भिंगाचा व्यास २५ मिलिमीटर आहे. पहिला आकडा जितका मोठा तितकी दुर्बीण चांगली, असा सार्वत्रिक समज आहे, आणि तोच घात करतो. आठपट मोठे दिसते तेव्हा हाताची थरथरही आठपट मोठी होते. धडधाकट माणसाच्या हातातही दहापटीची दुर्बीण डुलते. जास्त मोठे करणारी दुर्बीण एका वेळी दाखवते तो टापूही सहसा कमी, त्यामुळे पक्षी सापडेपर्यंत उडून गेलेला असतो. घरातल्या सगळ्यांनी वापरायची तर आठपट पुष्कळ झाली.

दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा. २५ भागिले ८ म्हणजे साधारण ३.१. दुर्बिणीतून डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या वर्तुळाचा हा व्यास, मिलिमीटरमध्ये. पांढऱ्या भिंतीकडे रोखून दुर्बीण हातभर लांब धरली, की मागच्या काचेत हे उजळ वर्तुळ दिसतेच. भर उन्हात आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, तेव्हा छोटी दुर्बीण मोठीच्या बरोबरीने काम देते. पहाटे आणि सांजवेळी बाहुली पसरते, आणि छोट्या दुर्बिणीत अंधारून येते. ८ × ४२ मध्ये हेच वर्तुळ सव्वापाच मिलिमीटरचे. शिवाय वर्तुळ लहान असले, की डोळा तिळभर सरकला तरी चित्र काळे होते. अण्णांचे नेमके हेच होत होते. हात हलायचा, वर्तुळ बाहुलीवरून निसटायचे, काळोख!

मग सरळ ८ × ४२ का घेऊ नये? अवश्य घ्या, मान आणि खांदे साथ देत असतील तर. तिचे वजन सहाशे-सातशे ग्रॅमच्या घरात जाते. अण्णांच्या मानेला स्पाँडिलोसिस आहे. गळ्यात काही अडकवायचे म्हटले, की ते आधी वजन विचारतात. लहान दुर्बीण तीन-साडेतीनशे ग्रॅमची. तेव्हा आमच्यापुरता निर्णय झाला: छोटीच, पण २१ ऐवजी २५ ची.

अण्णांना मी मुद्दाम दुकानात बरोबर नेले. दुकानदाराने काउंटरवर झोकात एक दुर्बीण ठेवली. तळहाताएवढी, भिंगे माणकासारखी लाल, आणि अंगावर लिहिलेले ३० × ६०. "साहेब, तीसपट! डोंगरावरचा माणूस ओळखू येईल." अण्णांनी ती हातात घेतली नाही. त्यांनी खिशातून सहा इंची पट्टी काढली, (निवृत्त झाले तरी मास्तरांच्या खिशात पट्टी असतेच) आणि मला म्हणाले, "पुढच्या काचेवर धर." बावीस मिलिमीटर भरली. "यात साठ कुठे आहेत?" त्यांनी शांतपणे विचारले. दुकानदाराने दुर्बीण उचलून मागच्या फळीवर ठेवली आणि आम्हाला चहा विचारला.

त्या लाल भिंगांविषयी एवढेच, की आरशासारखा लाल मुलामा प्रकाश आत येऊ देण्याऐवजी बराचसा बाहेर परतवतो आणि रंगही बिघडवतो. चांगल्या भिंगांवर दिव्याचे प्रतिबिंब पाहिले, तर ते फिकट हिरवट किंवा जांभळट दिसते. 'झूम' दुर्बिणींच्याही नादी लागू नये. कमी किमतीत दोन्ही नळ्यांचा मेळ त्यात नीट बसत नाही आणि डोके दुखते.

चष्मा असणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. डोळा मागच्या काचेपासून किती लांब असला तरी पूर्ण चित्र दिसते, हे अंतर माहितीपत्रकात दिलेले असते. चष्म्यासह पाहायचे तर ते १५ मिलिमीटर किंवा जास्त हवे, आणि डोळ्यांजवळच्या रबरी कड्या खाली दुमडायला हव्यात. छोट्या दुर्बिणींमध्ये नेमकी इथेच काटकसर केलेली असते. अण्णांनी पाच दुर्बिणी लावून पाहिल्या, त्यांपैकी तिघींत त्यांना पूर्ण गोल दिसेना. पत्रक न वाचता डोळ्याला लावून पाहणे केव्हाही चांगले, आणि तेही दुकानाबाहेर येऊन, रस्त्यापलीकडची पाटी वाचून. उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवून दोन्ही डोळ्यांचा नंबर जुळवायचा असतो, हे तर दहा वर्षे दुर्बीण वापरणाऱ्यांनाही माहीत नसते. आधी उजवी नळी झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट करायचे, मग डावी झाकून उजवी कडी फिरवायची. हे काम एकदाच करायचे असते.

दोन सुती नट

दुर्बीण मिळाली. आता ती हलू नये याचे काय? बटण दाबताच चित्र स्थिर करणाऱ्या, बॅटरीवर चालणाऱ्या दुर्बिणी मिळतात. किंमत ऐकून अण्णांनी दुकानदाराला नमस्कार केला. राहिला ट्रायपॉड.

मोठ्या दुर्बिणींची सोय सोपी आहे. दोन नळ्या जोडणाऱ्या मधल्या दांड्याच्या पुढच्या टोकाला बहुतेकींत एक टोपण असते. ते फिरवून काढले, की आत आटे असलेले भोक दिसते. इंग्रजी एल अक्षराच्या आकाराचा एक कोन मिळतो, त्याचा एक हात या भोकात आणि दुसरा ट्रायपॉडवर. कॅमेऱ्याच्या तळाशी असतात तेच आटे, पाव इंची, त्यामुळे घरातला कोणताही कॅमेऱ्याचा ट्रायपॉड चालतो.

छोट्या दुर्बिणींची गंमत निराळी. खिशात मावावी म्हणून बहुतेकींना दोन बिजागऱ्या असतात. दोन्ही नळ्या आत दुमडतात, आणि मध्ये भोक पाडायला जागाच उरत नाही. एका बिजागरीच्या काही छोट्या दुर्बिणींना हे भोक असते. पण विकत घेण्यापूर्वी स्वतः पाहून खात्री करावी. मी केली नव्हती. एवढा अभ्यास करून आणलेल्या आमच्या दुर्बिणीला दोन बिजागऱ्या निघाल्या आणि भोक काही निघाले नाही.

अशा दुर्बिणींसाठी एक पसरट बैठक मिळते. तिच्यावर दुर्बीण आडवी ठेवायची आणि चिकटपट्ट्याने बांधायची. बैठकीच्या तळाला तोच पाव इंची आटा. पण अण्णा म्हणाले, "एवढ्याशा फळीला पैसे कशाला?" आणि त्यांनी आमच्या सोसायटीत काम करणाऱ्या सुताराला बोलावले. सागवानी तुकडा निघाला, वर दोन नळ्यांसाठी दोन उथळ पन्हळी कोरल्या, त्यांत जुन्या सायकलच्या ट्यूबचे रबर चिकटवले. खाली नट ठोकून बसवला. ट्रायपॉडचा स्क्रू त्यात दीड आटा गेला आणि अडला. सुताराने सहा मिलिमीटरचा नट बसवला होता. दिसायला दोन्ही सारखेच. पण पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर, आणि आट्यांची घडणही वेगळी. हार्डवेअरच्या दुकानात 'दोन सुती' नट मागितला, की काम होते. अण्णा स्वतः जाऊन चार घेऊन आले.

पट्ट्याची पहिली तालीम फसली. मी पट्टा असा आवळला, की मधले फोकसचे चाकच त्याखाली गेले. पट्टा चाकाच्या पुढून जायला हवा, आणि दुर्बीण बांधण्यापूर्वी नळ्यांमधले अंतर ज्याच्या त्याच्या डोळ्यांप्रमाणे ठरवायला हवे. ज्याला दोन वेगवेगळी वर्तुळे दिसतात त्याचे अंतर चुकलेले असते.

ट्रायपॉड आणला ओळखीच्या फोटोस्टुडिओतून, जुना. निवडताना एक गोष्ट कळली. फोटोग्राफरांना आवडते ते गोळ्यावर फिरणारे डोके आमच्या कामाचे नव्हते, कारण सैल केले की दुर्बीण धाडकन मान टाकते. लांब मुठीचे डोके बरे. मूठ धरून सावकाश डावी-उजवीकडे फिरवता येते, आणि तिची कळ थोडी घट्ट ठेवली, की थरथरणारा हातही तिला नेमके नेऊ शकतो. अगदी हलके, प्लास्टिकचे ट्रायपॉड वाऱ्याला डुलतात. मधला दांडा उंच करू नये. त्यापेक्षा पाय लांब करावेत, आणि पाय लांब करताना वरचे जाड भाग आधी. खाली दांड्याला पाण्याच्या बाटल्यांची पिशवी लटकवली, की डोलणे बरेच थांबते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र कुठल्याच पत्रकात मिळाली नाही. ती आमच्या गॅलरीत सापडली. अण्णा उभे राहून, दोन्ही हातांनी दुर्बीण धरून पाहत होते, आणि ट्रायपॉडसकट सगळे हलत होते. समोरच्या पिंपळावर घारीचे घरटे होते. आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "अहो, बसून बघा ना. आणि ते धरताय कशाला? ते काय पळून जाणार आहे?"

अण्णा स्टुलावर बसले. ट्रायपॉड खाली केला. एक पाय पुढे, दोन पाय दोन्ही बाजूंना आणि मध्ये अण्णा. डोळे भिंगांना लावले आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. मांडीवर त्यांचे हात थरथरत नाहीत, हे तर आम्हाला आठ वर्षांपासून माहीत होते! बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "पिल्लू एकच आहे."

पुन्हा भरतपूर

या वर्षी आम्ही फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात गेलो, आणि तसे जाणाऱ्यांना मी हाच काळ सुचवीन. डिसेंबर-जानेवारीत धुके इतके असते, की सकाळी रिक्षाचे पुढचे चाक दिसले तरी पुष्कळ. फेब्रुवारीत पाहुणे पक्षी अजून असतात आणि ऊन लवकर पडते. चित्रबलाकांची पिल्ले घरट्यांत पाहायची असतील, तर पावसाळ्यानंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात जावे. मुंबईहून कोटामार्गे दिल्लीकडे जाणाऱ्या काही गाड्या भरतपूरला थांबतात. उद्यानाचे फाटक शहरालगत आग्रा-जयपूर रस्त्यावरच आहे आणि उतरण्याच्या जागा त्याच रस्त्यावर रांगेने आहेत. गरम कपडे भरपूर घ्या. रिक्षात बसून पाहताना ट्रायपॉड उघडता येत नाही. तिथे आम्ही छत्री उपयोगात आणली. छत्री रिक्षात उभी रोवायची आणि दुर्बीण तिच्या मुठीवर टेकवायची. बदके आणि बगळ्यांपुरते एवढे पुरते.

सरदारजी तेच मिळाले. त्यांनी अण्णांना ओळखले, आणि सागवानी फळी पाहून, "ये किसने बनाया?" म्हणून विचारले. अण्णांनी सुताराचे नाव न सांगता, "हमने बनवाया," असे उत्तर दिले.

पहिल्या दिवशी सारस दिसला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. देवळाजवळ चहा घेतला, अण्णांनी अर्धा कप, आमच्याकडे पाठ करून. मला वाटू लागले, की आता हेही राहणार. उद्याची परतीची तिकिटे होती. पुढल्या हिवाळ्यात अण्णांना एवढा प्रवास झेपेल, असे डॉक्टरांनी म्हटले असले, तरी मी स्वतःशी म्हणायला धजत नव्हते.

दहाच्या सुमारास सरदारजींनी रिक्षा थांबवली आणि हनुवटीने दाखवले. उघड्या गवताळ पट्ट्याच्या पलीकडच्या कडेला, दीड-दोनशे मीटरवर, दोन करड्या आकृती. नुसत्या डोळ्यांनी पाहिले तर कुणी दोन माणसे वाकून गवत कापताहेत असे वाटावे. उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये जगात सर्वांत उंच सारस. मान ताठ केली की माणसाएवढा होतो.

घाई करायची नाही, असे मी स्वतःला तीनदा बजावले. रस्त्याच्या कडेला सपाट जागा पाहिली, ट्रायपॉड उघडला, एक पाय सारसांच्या दिशेने. आईने पिशवी लटकवली. चिरंजीवांनी घडीचे स्टूल मांडले. मी दुर्बिणीच्या पाठीवरून नेम धरून आधी डोळ्यांनी रेषा जुळवली, मग आत पाहिले. गवत, गवत, लालसर पाय. कळ घट्ट केली आणि बाजूला झाले.

अण्णा बसले. हात मांडीवर ठेवले. वाकले.

मी त्यांच्याकडेच पाहत होते, म्हणून त्या वेळी सारसांनी काय केले ते मला सांगता येणार नाही. अण्णांच्या ओठांची हालचाल दिसत होती, शब्द ऐकू येत नव्हते. थोड्या वेळाने ते, डोळा न काढता, मोठ्याने बोलू लागले, कुणाशी ते कळेना. "डोक्यावर करडी टोपी आहे बघ, खाली लाल. मान अर्धी लाल. ती जरा ठेंगणी आहे ती मादी. काहीतरी उपटतायत... कांदा असेल पाणगवताचा. आता ती थांबली. आता त्यानं वर बघितलं." मग म्हणाले, "आमच्या बांधावर यायचे ना, ते एवढ्या जवळून यायचे. पोरं पाटीवर चित्र काढायची त्यांचं. पाय नेहमी चुकायचे."

इतक्यात दोघांनी मान आभाळाकडे उंचावून एकदम हाक दिली. तुतारीसारखा तो आवाज पाण्यावरून आला आणि सरदारजीही पायडलवरचा पाय काढून उभे राहिले. मूठ धरायला अण्णांनी उजवा हात उचलला. हात थरथरत होता, पण कळ घट्ट होती. दुर्बीण सावकाश, दोन बोटे उजवीकडे सरकली आणि थांबली.

"अहो, आता मला बघू द्या," आई म्हणाली. गेल्या वर्षी तिने सारस पाहिला होता, पण आता तिलाही हवा होता. ती बसली, डोळे लावले आणि म्हणाली, "मला दोन-दोन गोल दिसतायत."

"तुझ्या डोळ्यांतलं अंतर कमी आहे. पट्टा सोडावा लागेल," मी म्हटले आणि पट्ट्याला हात घातला.

"थांब, थांब," अण्णा घाईने म्हणाले. "माझं जुळवलेलं मोडू नकोस. ते उडतायत का तेवढं बघू दे. मग सोड."

सारस उडाले नाहीत. साडेअकरा वाजेपर्यंत ते तिथेच चरत होते, आणि साडेअकरा वाजेपर्यंत आईची पाळी आली नाही.